बेअर माउंटनच्या दगडी पायऱ्या: चढून, उतरून आणि एक पायरी बसवून दिलेला अभिप्राय

न्यूयॉर्क-न्यू जर्सी भागात बेअर माउंटनला न गेलेलं मराठी घर सापडणं कठीण. भारतातून आई-वडील आले की एक रविवार तिथला ठरलेला. हेसियन तळ्याभोवती फेरी, पोरांना मेरी-गो-राउंड, गाडीनं थेट माथ्यावरच्या पर्किन्स टॉवरपर्यंत, हडसन नदीच्या दिशेनं फोटो, डिकी उघडून पुरी-भाजी, आणि अंधार पडायच्या आत घरी. आम्हीही कितीतरी वर्षं एवढंच करत होतो. तळ्याजवळच्या जुन्या दगडी इनच्या, म्हणजे हॉटेलच्या, मागून एक वाट डोंगराच्या पूर्व अंगानं माथ्यावर जाते आणि तिच्यावर हातानं घडवलेल्या हजाराहून जास्त दगडी पायऱ्या आहेत, हे मला २०१६ साली कळलं. त्यानंतर ती वाट मी तीस-पस्तीस वेळा तरी चढले असेन. २०१७ च्या उन्हाळ्यात दोन शनिवार तिच्या कामावरही गेले. तेव्हा माझं मत परक्या माणसाचं नाही, हे आधीच सांगते.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी: पाचपैकी पाच तारे. तळ्यापासून माथा सुमारे अकराशे फूट वर आहे. मध्यम चालीच्या माणसाला चढायला सव्वा ते दीड तास लागतो. सहा वर्षांची पोरं चढतात, सत्तरीचे आजोबा चढतात. पायऱ्या हलत नाहीत, पाऊस पडून गेल्यावर वाटेवर डबकी राहत नाहीत, आणि वाट चुकायची भीती नाही, कारण झाडांवर आणि दगडांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच अशा पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या आहेत. एकावर एक दोन पट्ट्या दिसल्या की पुढे वळण आहे असं समजायचं.

ही पांढरी पट्टी ॲपलाचियन ट्रेलची. जॉर्जियातून निघून चौदा राज्यं ओलांडत मेनपर्यंत जाणारी सुमारे २,१९० मैलांची, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट. बेंटन मकाय या माणसानं १९२१ साली एक लेख लिहून तिची कल्पना मांडली आणि तिचा अगदी पहिला तुकडा ७ ऑक्टोबर १९२३ ला इथेच, बेअर माउंटन ते आर्डन असा, खुला झाला. संपूर्ण वाट जोडायला १९३७ उजाडलं. तो पहिला तुकडा स्वयंसेवकांनी केला आणि आजही जवळजवळ सगळी वाट वेगवेगळ्या क्लबांचे स्वयंसेवकच सांभाळतात. आमच्या भागात हे काम न्यूयॉर्क-न्यू जर्सी ट्रेल कॉन्फरन्स ही संस्था बघते. ती १९२० ची, म्हणजे वाटेपेक्षाही जुनी. (याच डोंगरापाशी शंभरेक वर्षांपूर्वी सरकार सिंग सिंगचा तुरुंग आणून ठेवणार होतं. मेरी हॅरिमन या रेल्वे उद्योगपतीच्या विधवा पत्नीनं तुरुंग रद्द करण्याच्या अटीवर दहा हजार एकर जमीन आणि दहा लाख डॉलर देऊ केले, म्हणून आज तिथे आपली पोरं बागडतात. तळ्याकाठी बसलात की ही गोष्ट पोरांना जरूर सांगा.)

पण पहिली वाट आणि आजची वाट यांत फरक आहे. जुनी वाट उतारावरून जवळजवळ सरळ वर जायची. अशी वाट आखायला सोपी, टिकवायला महाकठीण, कारण पावसाच्या पाण्यालाही तोच रस्ता सोयीचा. आधी माती जाते, मग मुळं उघडी पडतात, मग चालणारे चिखल टाळायला बाजूनं जातात, बाजूची झुडपं मरतात, वाट रुंद होते, आणि रुंद वाटेवर आणखी पाणी. लाखो पावलं पडणाऱ्या डोंगरावर हे चक्र ऐंशी वर्षं चाललं. म्हणून २००६ पासून वाटेची आखणी आणि बांधणी नव्यानं सुरू झाली. पहिला पायऱ्यांचा भाग २०१० मध्ये उघडला आणि वरच्या अंगाचं काम पुढे काही वर्षं चालू राहिलं. सरकारी खाती, पार्क, संस्था असे अनेक जण त्यात होते. अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवा-योजनेतले तरुण हंगामभर काम करायचे, आणि शनिवार-रविवारी आमच्यासारखे येऊन-जाऊन करणारे.

आता कामाच्या दिवसाबद्दल, कारण खरा अभिप्राय तोच आहे.

सकाळी साडेआठला आम्ही नऊ जण जमलो. एक नर्स, दोन कॉलेजची मुलं, एक चिनी इंजिनिअर जोडपं, एक बेकरीवाला, एक वकील, मी, आणि आमचे गटप्रमुख. ते सत्तरी ओलांडलेले निवृत्त शाळामास्तर, उंच, हाडकुळे, बोलणं अगदी हळू. कागदावर सह्या, हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, आणि मग हत्यारं वाटून दिली. माझ्या हातात जी लोखंडी सळई आली ती बघून मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू. ती आपली पहारच. तसंच एक टोक चपटं, तोच थंडगार जडपणा, अठरा पौंडांची. भोर तालुक्यात, रायरेश्वराच्या पायथ्याच्या आमच्या गावी, दारामागच्या कोपऱ्यात पहार उभी असायचीच. भाताच्या खाचरांच्या ताली, म्हणजे रचलेले दगडी बांध, दर पावसाळ्यात कुठे ना कुठे ढासळायच्या आणि उन्हाळ्यात आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, त्या पुन्हा रचायचे. मी दहा-बारा वर्षांची असताना त्यांना चिपा आणून द्यायचे. तीस वर्षांनी पहार हातात आली ती हडसनकाठी.

मास्तरांनी पहिलीच गोष्ट सांगितली: "दगड उचलायचा नाही. त्याला चालवायचं." पहारीचं टोक खाली घालायचं, छोटा दगड टेकू म्हणून ठेवायचा, आणि चार बोटं उचलला की दुसऱ्यानं खाली चीप सरकवायची. मग दुसरी बाजू. असं करत सहा-सातशे पौंडांचा दगड आम्ही चौघांनी वीस फूट हलवला आणि कुणाच्याही पाठीला रग लागली नाही. लांबून आणायचे दगड मात्र हवेतून यायचे. दोन भक्कम झाडांमधून पोलादी तार ताणलेली, हातानं मागे-पुढे करायच्या दांड्याची विंच, आणि साखळीत गुंडाळलेला दगड झाडांच्या डोक्याखालून शांतपणे तरंगत येतोय. तार जिथे झाडाला बांधली होती तिथे सालीला इजा होऊ नये म्हणून खोडाभोवती लाकडी फळ्यांचे तुकडे उभे लावलेले होते. झाडाची एवढी काळजी घेऊन काम करणारी माणसं बघून माझा त्या गटावर पहिल्या तासातच जीव बसला.

दगड फोडण्याचं काम मी आधी नुसतं बघितलं आणि मग केलं. इथला दगड ग्रॅनाइटच्या जातीचा, करडा, मधूनच गुलाबी झाक. त्यावर खडूनं रेघ मारायची. रेघेवर चार-चार, पाच-पाच इंचांवर यंत्रानं भोकं पाडायची. प्रत्येक भोकात लोखंडाची दोन पानं आणि त्यांच्या मध्ये एक पाचर. मग एका टोकाकडून सुरू करायचं: हातोडीचा एकेक ठोका, प्रत्येक पाचरीला एकच, ओळीनं. जोर करायचा नाही. मास्तर म्हणाले, आवाज ऐक. पहिल्या फेरीत आवाज भद्द येतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तो चढायला लागतो, जलतरंगाच्या वाट्यांसारखा, आणि सगळ्या पाचरी साधारण एका सुरात वाजायला लागल्या की थांबायचं. नुसतं थांबायचं. आम्ही सगळे गप्प उभे होतो. पानांत वारा होता, खाली रस्त्यावर मोटारसायकली जात होत्या. मग दगडातून बारीक टिक-टिक ऐकू आली, बर्फ घातलेल्या पेल्यात येते तशी, आणि केसाएवढी रेघ एका भोकातून दुसऱ्या भोकात चालत गेली. मास्तरांनी पाचरींवर आणखी एक हलकी फेरी मारली आणि दगड पाव दुभंगावा तसा दोन झाला. आतला चेहरा कोरा, चमचमता. त्या चेहऱ्याकडे कोट्यवधी वर्षांत कुणी बघितलेलं नव्हतं.

दुपारपर्यंत खड्डा, दुपारनंतर पायरी. एक पायरी बसवायला चौघांचा अख्खा दिवस गेला. खालच्या पायरीच्या मागच्या काठावर वरच्या पायरीचा पुढचा काठ टेकतो, म्हणजे वरची खालच्या पायरीला दाबून धरते. खाली आणि मागे खडी ठासायची, आणि ती खडीही तिथेच हातोडीनं फोडायची, माती वापरायची नाही, कारण माती पाणी धरते, गोठते, फुगते, आणि हिवाळ्यात पायरी उचलून टाकते. दगडाचा वरचा चेहरा अगदी किंचित पुढे झुकता ठेवायचा, पाणी साचू नये इतपत, पाय घसरू नये इतपत. हे "इतपत" जमवण्यातच तीन तास गेले. शेवटी मास्तर आपल्या सहा फुटी देहासह त्यावर उभे राहिले आणि चारही कोपऱ्यांवर उड्या मारल्या. डुगडुगली. काढली. पुन्हा खडी. पुन्हा उड्या. तिसऱ्यांदा दगड गप्प बसला. मग मला म्हणाले, आता तू उभी राहा. मी उभी राहिले तेव्हा पायाखाली जे लागलं ते डोंगरासारखंच होतं.

त्या दिवशीची एकच तक्रार, आणि ती कामाबद्दल नाही. एका मोठ्या दुकानातून मी "कामाचे हातमोजे" म्हणून घेऊन गेले होते, ते दुसऱ्या तासाला अंगठ्याच्या बेचक्यात उसवले. कापडी पाठ आणि रबरी तळवा असलेले हातमोजे बागेत ठीक, दगडावर नाही. पूर्ण चामड्याचे घ्या.

२०२२ च्या मे महिन्यात आप्पा इकडे आले. वय शहात्तर, गुडघे शाबूत. त्यांना मी गाडीनं वर न नेता खालून चढवलं. माझा अंदाज दोन तासांचा होता, साडेतीन लागले, आणि त्याचं कारण दम नव्हता. आप्पा दर दहा-पंधरा पायऱ्यांवर वाकून सांधे बघत होते. एका पायरीच्या कडेला अर्धगोल पन्हाळीसारख्या खुणा होत्या, ओळीनं पाच. त्यात त्यांनी करंगळी घातली.

"आगं, ह्यो दगुड सुरुंगानं न्हाय फोडल्याला. पाचर हाय ही."

"हो आप्पा. मीपण केलंय."

त्यांनी वर बघितलं. मग पायरीशेजारची ती रचलेली भिंत बघितली, वाट धरून ठेवणारी, चुना-सिमेंट काही न घालता नुसते दगड. दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड आलाय ना, हे ते बोट फिरवत तपासत गेले. "सांधमोड चोख हाय," म्हणाले. मग एके ठिकाणी थांबले, एका लहान दगडावर अंगठा ठेवला आणि मान हलवली: "ही चीप भायरनं मारलीय. ही ऱ्हायची न्हाय." पुढच्या वेळी गेले तेव्हा ती चीप खरंच खाली पडलेली होती. एवढ्या मोठ्या कामात आप्पांना खोट सापडली ती एवढीच, आणि आमच्या तालुक्यात त्यांच्याकडून ताल बघून घ्यायला लोक यायचे.

माझी पायरी वरच्या अंगाला आहे. तिथे पोचल्यावर मी ती दाखवली. आप्पा आधी तिच्यावर उभे राहिले, मग बसले. डबा उघडला. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. येणारे-जाणारे "हाय" म्हणत होते, आप्पा "राम राम" म्हणत होते.

"मजुरी काय मिळती?"

"काही नाही."

ते जरा वेळ खात राहिले. मग म्हणाले, "म्हाशिवरात्रीच्या आधी आपुन रायरेश्वराची वाट करायचो न्हवं का समदी मिळून, तसं म्हना की." मला ते आठवत होतं. गावातून दर घरटी एक माणूस, कोयता किंवा कुदळ घेऊन, आणि बायका मागून गुळाचं पाणी घेऊन. अमेरिकेत येऊन मला श्रमदान शिकायला लागलं असं मी कुठे म्हणत असेन तर ते चूक आहे. मला ते पुन्हा सापडलं, एवढंच.

त्या पायरीनं मला पुढचं काम लावलं. हॅरिमन पार्कमधला जवळजवळ दीड मैलाचा एक तुकडा मी सांभाळायला घेतला. अट साधी आहे: वर्षातून किमान दोनदा जायचं, वाट ठीक करायची, काय केलं आणि काय राहिलं ते लिहून कळवायचं. मी चार-पाचदा जाते. चार फूट रुंद आणि आठ फूट उंच एवढा बोगदा मोकळा ठेवायचा, म्हणजे पाठीवर मोठी सॅक घेतलेला माणूस ओल्या फांद्यांना न घासता जाईल. मोठी कात्री, दुमडती करवत, फावडं, रंगाचा डबा. मोठं झाड आडवं पडलं तर आम्ही त्याला हात लावत नाही, जागा आणि जाडी कळवतो, आणि प्रशिक्षण घेतलेले लोक मशिनची करवत घेऊन येतात. अलीकडे अशी झाडं फार पडतात. ॲश झाडांना एका हिरव्या भुंग्यानं पोखरलंय आणि हेमलॉकला पांढऱ्या कापसासारख्या किडीनं. उभं असलेलं झाड वाळलेलं दिसलं की माझ्या पोटात कालवतं.

पण सगळ्यात जास्त वेळ जातो पाण्यात. वाटेवर जागोजागी उथळ, तिरके खोलगट भाग केलेले असतात, किंवा दगडांची आडवी ओळ बसवलेली असते, म्हणजे वाटेनं धावणारं पाणी तिथे अडून खालच्या बाजूला निघून जातं. चालणाऱ्याला ते कळतही नाही. शरद ऋतूत पानं पडली की त्यांची तोंडं बुजतात, आणि बुजली की पाणी वाटेवरच राहतं. म्हणून नोव्हेंबरात एक फेरी निव्वळ तोंडं उघडण्याची. आणि एक फेरी मी मुद्दाम पावसात करते, रेनकोट घालून, कुठलंही हत्यार न घेता. पाणी कुठून येतंय, कुठे वळतंय, कुठे माझं ऐकत नाही, हे कोरड्या दिवशी दिसत नाही. आप्पा पहिल्या पावसात खाचराच्या बांधावर घोंगडी घेऊन उभे असायचे ते याचसाठी. मला वाटायचं त्यांना पाऊस आवडतो.

या नजरेनं बेअर माउंटनची वाट बघितली की तिचं मोठेपण कळतं. पायऱ्या सगळ्यांना दिसतात. पण पायऱ्यांच्या शेजारून दगडांच्या आडून गेलेले चर, वळणांच्या आतल्या बाजूला "चुकून पडल्यासारखे" ठेवलेले ओबडधोबड धोंडे, हे बघा. ते धोंडे चुकून पडलेले नाहीत. लोकांनी वळण कापून सरळ उतरू नये म्हणून एकेक निवडून, अर्धा जमिनीत पुरून ठेवला आहे. आणि इथे मला आपल्याच लोकांना कळकळीनं सांगायचंय. वळण कापून उतरू नका. तीस पावलं वाचतात, पण त्या उघड्या पडलेल्या पट्ट्यातून पुढच्या पावसात पाणी उतरतं आणि एखाद्याच्या अख्ख्या दिवसाची पायरी खालून पोकळ होते. मोठ्या ग्रुपनं येणाऱ्यांत हे फार होतं. एकदा मी एका कुटुंबाला थांबवून सांगितलं. त्यातल्या काकूंनी आपल्या मुलांना लगेच परत वर बोलावलं आणि वाटेनं उतरवलं. सांगितलं की लोक ऐकतात.

९ जुलै २०२३ ला या भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला. हायवे वाहून गेले, पार्क बंद झालं, कितीतरी वाटांचे तुकडे पडले. ही बातमी भोरला कशी पोचली ठाऊक नाही, पण तिसऱ्या दिवशी आप्पांचा फोन आला. घर बरं आहे का, गाडी बरी आहे का, हे विचारून झाल्यावर म्हणाले, "आन पायरी?" वाट पुन्हा खुली झाली तेव्हा मी गेले. खाली नासधूस बघून घशात आलं. वर गेले, माझ्या पायरीच्या चारही कोपऱ्यांवर उभी राहिले, आणि तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. मागच्या बाजूला दोन बोटं माती आली होती, ती आप्पांसमोर हातानं काढली. "खडी बघ, खडी धुतली का," म्हणाले. खडी जागेवर होती.

आता जाणाऱ्यांसाठी चार व्यावहारिक गोष्टी. शनिवार-रविवारी, आणि ऑक्टोबरात पानं रंगतात तेव्हा तर खासच, पार्किंग लवकर भरतं. नऊच्या आत पोचा, पैसे पडतात. जूनमध्ये माउंटन लॉरेलची पांढरी-गुलाबी फुलं बघायला मिळतात, तेव्हा गर्दी त्या मानानं कमी. निघण्याआधी वाट चालू आहे का ते बघून घ्या. पाणी खालूनच भरून न्या, माणशी दीड लिटर तरी. ओल्या पानांवर पायऱ्या घसरड्या होतात आणि थंडीत त्यांच्यावर बर्फाचा पापुद्रा बसतो, तेव्हा बुटांना लावायचे काटे हवेतच. गुडघ्यांचा त्रास असेल तर दोन काठ्या घ्या. चढणं जमतं, उतरताना गुडघे बोलतात. लांब पँट, मोजे पँटवर ओढलेले, आणि घरी आल्यावर अंघोळ करून गोचीड तपासणं, यात आळस नको. इथल्या हरणांच्या गोचिडीनं लाइम नावाचा आजार होतो आणि तो बराच काळ छळू शकतो. तीन पानांचा चकचकीत वेल, पॉयझन आयव्ही, दिसला तर हात लावू नका, अंगाला खाज सुटते. उन्हाळ्यात दगडावर साप ऊन खात असेल, रॅटलस्नेकही असतो. थांबा, वळसा घाला, त्याला त्याच्या जागी राहू द्या.

ज्यांचे पाय तयार आहेत त्यांनी मेजर वेल्च ट्रेलनं चढावं आणि पायऱ्यांनी उतरावं, गोल पूर्ण होतो. पांढऱ्यावर लाल ठिपका ही त्याची खूण. तो तळ्याकडून माथ्यावर जातो, चांगलाच उभा आणि खडकाळ, हाताचा आधार घ्यायला लावणारा. तो चढून मग पायऱ्यांवर आलात की दगड माणसानं लावलाय की डोंगरानं, हा फरक पावलांनाच कळतो. आणि ज्यांना चढणं शक्यच नाही त्यांनी गाडीनं माथ्यावर जावं. तिथे याच वाटेचा अर्धा मैल व्हीलचेअर जाईल असा सपाट केलेला आहे. माझ्या सासूबाईंना मी तिथे नेलं होतं. त्यांना चालता येत नाही. त्यांनी हडसन बघितली, दूर धुक्यात न्यूयॉर्कच्या इमारती बघितल्या, पण घरी येऊन सगळ्यांना सांगितलं ते एका पांढऱ्या पट्टीबद्दल, की तिला मी हात लावला आणि ती वाट दोन हजार मैल जाते.

वाटेत खालच्या बाजूला प्राणिसंग्रहालयातूनही हीच पांढरी पट्टी जाते. अस्वलांच्या कुंपणाशेजारी ॲपलाचियन ट्रेलचा सगळ्यात सखल बिंदू आहे, समुद्रसपाटीपासून १२४ फूट. पोरांना तो शोधायला लावा.

कामावर यायचं असेल तर ट्रेल कॉन्फरन्सचं मुख्यालय न्यू जर्सीतल्या माहवाला, एका जुन्या शाळेच्या देखण्या इमारतीत आहे. वाट सांभाळण्याचे नवशिक्यांसाठी वर्ग होतात, हत्यारं मिळतात, अनुभव लागत नाही. ताकद लागते असं बायकांना वाटतं, म्हणून मुद्दाम लिहिते: आमच्या दगडकामाच्या गटात सगळ्यात चांगली पायरी बसवायची ती नर्स, आणि ती माझ्या खांद्याला लागायची. मराठी मंडळातल्या तीन जणी गेल्या दोन वर्षांत माझ्याबरोबर आल्या, त्यातल्या एकीनं आता स्वतःचा तुकडा घेतलाय.

माझी पुढची फेरी एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी. मी पार्सिपनीहून सकाळी सातला निघते, गाडीत तिघांची जागा आहे आणि दोन करवती जास्तीच्या आहेत. चहा मी आणते. हातमोजे आपापले आणा, चामड्याचे.